लेहला जीपने जाण्यास हरकत असणेबाबत

आजवर मी लिहिलेल्या अर्जांपैकी एकच अर्ज दिल्या दिवशी मंजूर झाला, आणि तो मंजूर होऊ नये म्हणूनच मी लिहिला होता.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा आहे. लातुरात एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या झाडाखाली, एक टेबल, एक खुर्ची आणि समोर एक बाक अशी माझी आस्थापना कित्येक वर्षं उभी आहे. (कचेरी कोणती ते लिहीत नाही. मला उद्याही तिथंच बसायचं आहे.) शिक्षण सातवी, पण ते शाळेतलं. पुढचं सगळं शिक्षण मी 'विषय', 'संदर्भ' आणि 'विनंती विशेष' या तीन आधारांवर स्वतःचं स्वतः पूर्ण केलं. आज सनद घेतलेले वकीलसुद्धा खालच्या आवाजात "मुनशीजी, जरा हे वाक्य बघता का?" असं विचारतात. (एकदा विचारलं होतं.) किल्लारीच्या भूकंपानंतर मी घरांचे, पत्र्यांचे आणि मृत्यूच्या दाखल्यांचे अर्ज लिहिले. पुढे गावात क्लासेसचं पीक आलं आणि मी रहिवासी व उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज लिहू लागलो. रांग दोन्ही वेळा सारखीच लांब होती. पहिल्या रांगेतली माणसं गप्प असत, दुसऱ्या रांगेतली न विचारता पोरांचे मार्क सांगत, एवढाच फरक.

अशा माणसाला भीती वाटत असेल अशी शंका कुणाला येणार नाही, आणि ती येऊ नये याची मी पुरेपूर दक्षता घेतो. वस्तुस्थिती मात्र अशी, की भूकंपापासून मी डोक्यावर पक्कं छत घेऊन झोपलेलो नाही. घराला स्लॅब आहे. मी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपतो. ("हवा छान असते," असं मी पाहुण्यांना सांगतो. मे महिन्यातसुद्धा!) रस्त्यानं जड ट्रक गेला आणि मांडणीवरचे पेले किणकिणले, की मी घासासकट दाराबाहेर असतो. उंचीचं म्हणाल, तर आमच्या भागात उंच म्हणजे पाण्याची टाकी. तिच्या शेजारून जातानासुद्धा मी सायकलवरून उतरतो.

तर अशा परिस्थितीत एका रविवारी बालाजीचा फोन आला.

बालाजी म्हणजे माझ्या पत्नीचा, कुसुमचा, धाकटा भाऊ. कुसुमचं माहेर किल्लारीच्या अलीकडचं एक खेडं. भूकंपात ते घर माणसांसकट गेलं. बालाजी तेवढा राहिला, कारण शाळेसाठी तो आमच्याकडे लातुरात होता. आमच्याच घरात तो वाढला, फौजेत गेला, आणि आता थेट लेहला होता. तीन वर्षं कुसुमची राखी पोस्टानंच जात होती. तिनं फोनचा आवाज मोठा केला, त्यामुळे पुढचं संभाषण मला नाइलाजानं ऐकावं लागलं.

"अक्का, सुट्टी परत रद्द झाली. आन आता आमाला अजून वर, बर्फातल्या चौकीवर पाठवायलेत. तिथं फोन बी लागत न्हाई."

"किती दिस?"

"कोण सांगावं. तूच ये की, अक्का! इथं घरच्यांसाठी खोली मिळती. बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत ये."

कुसुमनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. लग्नापासून तिनं माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन मी अजून आणायच्या आहेत. 'नाही' म्हणणं शक्य नव्हतं. 'हो' म्हणणं त्याहून अशक्य होतं. अशा पेचावर आमच्या व्यवसायात तिसरा मार्ग असतो: तत्त्वतः मंजुरी द्यायची आणि अट अशी घालायची की काम होऊच नये!

"जाऊ की," मी भारदस्त आवाजात म्हणालो. "पण रेल्वे मला सोसत नाही, आणि विमानाचं तर नावच काढू नकोस. गेलो तर दारातून दारात, गाडीनं, रस्त्यानं! आहे का कुणाची गाडी?"

लातूर ते लेह, रस्त्यानं! अट इतकी सुरेख होती की मी मिशीवरून हात फिरवला. हात मिशीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आतच कुंपणापलीकडून आवाज आला.

"अपनी हाय की, मुनशीजी!"

हा शब्बीर. आमचा पिढीजात शेजारी. किल्लारी लाईनवर काळीपिवळी जीप चालवतो.

"तुझं परमिट जिल्ह्यापुरतं आहे, शब्बीर," मी कायदा सांगितला.

"ती न्हाई हो. ही घरची, जुनी. इंजन नवं टाकलंय. रोज त्या खड्ड्यातनं बारा मानसं नेतो मी, तिकडं तिघं न्यायला काय लागतंय? आन बालाजी काय तुमचाच हाय व्हय? माझ्या खांद्यावर बसून उरूस बघितलाय त्यानं! भाभी, बांधा पिशव्या!"

रस्त्यानं जाण्याचा प्रस्ताव मीच मांडला होता, याची कृपया नोंद घ्यावी.

मी ताबडतोब दुसरी बाजू लढवली. आमची कन्या वैशाली त्या वर्षी बारावीला होती; म्हणजे लातूरच्या पद्धतीप्रमाणे ती क्लासमध्ये राहायची आणि घरी जेवायला यायची.

"आणि पोरीचा क्लास बुडवायचा?" मी आवाज चढवला. "बारावीचं वर्ष!"

"मी येणारच न्हाई पप्पा," वैशाली पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "टेस्ट सिरीज हाय. मी रेश्मा चाचीकडं ऱ्हाते. तुमी बिनघोर जावा. तुमी घरात नसलाव की लई अभ्यास होतो."

(रेश्मा चाची म्हणजे शब्बीरची पत्नी. तिनंही कुंपणापलीकडून लगेच संमती दिली. त्या कुंपणाची उंची वाढवण्याचा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.)

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मुलीचं ज्ञान तपासण्याची मला सवय आहे. मी तिला नकाशा आणायला सांगितलं.

"हे बगा पप्पा, लेह. डोंगरावरचं वाळवंट. वर हवा विरळ असती. आधी डोकं दुखतं, मग उलट्या होतेत, मग माणूस बरळायला लागतो."

"मग?"

"मग त्याला खाली आणायचं. आणता आलं तर."

"झाडं वगैरे?"

"वाळवंट म्हनलं की!"

"मग ते डोंगर कशाच्या आधारावर उभे आहेत?"

"कुठं उभे हाईत? दरडी पडतेत की सारख्या."

मग मी अगदी सहज, नखाकडे बघत विचारलं, "आणि भूकंप?"

"हिमालयात? पप्पा, तो अजून वाढायलाय! आतून ढकलाढकली चालू हाय. सारखा हलतो!" ती हे इतक्या आनंदानं म्हणाली, की जणू तो हलतो तो तिला मार्क मिळावेत म्हणूनच.

त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. डोळे मिटले की एक प्रचंड दगड दिसे. तो पडत नसे. नुसता माझ्याकडे बघत असे.

आता माझ्यापुढे एकच उपाय होता: विलंब. बर्फ पडेपर्यंत दिवस काढायचे. रस्ता आपोआप बंद होईल, दोष निसर्गावर जाईल, आणि मी हळहळायला मोकळा! शासकीय विलंब या विषयात माझ्याइतका जाणकार जिल्ह्यात दुसरा नसेल. माझं सगळं आयुष्य विलंबाशी झुंजण्यात गेलं. आता त्याचं थोडं सहकार्य हवं होतं.

"सीमेकडच्या भागात जायचं तर जिल्ह्याचं ना-हरकत पत्र लागतं," मी घरात जाहीर केलं. असा नियम आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. पण आमच्या घरात नियम मीच सांगतो. अर्ज मी मुद्दाम कुसुमच्या नावानं लिहिला, म्हणजे नकार आलाच तर तो तिला यावा. विषय मोघम ठेवला, संदर्भ दिलाच नाही, कोर्ट-फीचं तिकीट लावलं नाही आणि तारीख चुकीची घातली. इतका अपंग अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. हा अर्ज सहा महिने तरी जागचा हलणार नाही, या खात्रीनं मी तो सकाळी अकराला आत दिला आणि निवांत पान लावलं.

चार वाजता आतले कारकून हणमंतराव स्वतः बाहेर आले. हातात कागद. कागदावर गोल शिक्का!

"घ्या मुनशीजी! झालं!"

"काय झालं?"

"ना-हरकत! अवो, इतकी वर्षं तुमी दुसऱ्याच्या कामाला खेटे घातले. घरचं काम पयल्यांदाच आलं तुमचं. त्याला उशीर केला तर मला घास गोड लागल का? तिकीट मी लावलं, तारीख दुरुस्त केली, संदर्भ घातला. स्वतः चार टेबलं फिरलो!"

"पण साहेबांनी काही आक्षेप..."

"साहेब म्हनले, असा काही नियमच न्हाई. मी म्हनलं, नियमच न्हाई तर हरकत तरी कुठली? साहेब म्हनले, बराबर हाय. केली सही!"

बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. प्रकृतीचं प्रमाणपत्र हा दुसरा बांध होता, आणि तो पक्का असेल याची मला खात्री होती. कारण हिमालयाचं नाव काढलं की माझी छाती खरोखरच धडधडत होती. डॉक्टरांनी नळी लावून पाठीपोटावरून ऐकलं.

"फार पळतंय हो," ते म्हणाले.

"गंभीर आहे ना?" मी आशेनं विचारलं.

"कशाचा विचार करताय आत्ता?"

"दरडीचा."

"आता भजी आणि चहाचा करा बघू."

मी केला. हृदय तत्काळ शांत झालं. इतकं नालायक इंद्रिय मी दुसरं पाहिलेलं नाही! डॉक्टरांनी हसत हसत 'प्रवासास पात्र' असं लिहून दिलं, आणि वर कुसुमला निरोप पाठवला की यांना सोबत नक्की घेऊन जा, बदल हवा आहे.

इकडे घरात तयारीला वेग आला. गणपती उठले. कुसुमनं शेंगाची चटणी कांडली, कडक भाकरी वाळवल्या, शेंगापोळ्यांचा डबा भरला. राखी तर हुकलीच होती. म्हणून तिनं भाऊबीज आगाऊ उरकायची ठरवून ओवाळायचं तबक, निरांजन आणि सुपारी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. शब्बीर रोज जीपखाली आडवा होई आणि पाय तेवढे बाहेर दिसत. ते पाय बघून मला भूकंपातलं काही आठवे आणि मी आत निघून जाई.

शेवटी मी माझ्या व्यवसायातलं जे हत्यार स्वतःसाठी कधीच काढलं नव्हतं, ते काढलं. निनावी हरकत अर्ज!

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. शिक्का लातूरचा नको म्हणून बस करून औशाला गेलो आणि तिथल्या पेटीत टाकला. मजकूर मात्र मी कमी पडू दिला नाही. हात डावा असला तरी डोकं माझंच होतं. पहिला मुद्दा: अर्जदार महिलेचे पती हे शहरातील बहुमोल व्यक्तिमत्त्व असून त्यांच्या गैरहजेरीत जनतेची अपरिमित गैरसोय होईल. दुसरा मुद्दा: सदर पती नाजूक प्रकृतीचे असून भीतीने त्यांना उचकी लागते, व ती गुळाचा खडा चघळल्याखेरीज थांबत नाही; हिमालयात गूळ मिळेल याची शाश्वती नाही. तिसरा मुद्दा: भावाची भेट झाल्यास पुन्हा ताटातूट होणे अटळ असून त्यायोगे अर्जदारास दुःख होईल, सबब भेट न होणे हेच अर्जदाराचे हिताचे आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मी विशेष खूश होतो.

चार दिवसांनी हणमंतराव चहाला बाहेर आले आणि कानाशी वाकले. "मुनशीजी, वहिनींच्या अर्जावर कुणीतरी हरकत घेतलीय. निनावी!"

"अरेरे!" मी म्हणालो. "म्हणजे आता चौकशी वगैरे... दिवाळी उलटेल?"

"निनावी कागद आमी वाचत बी न्हाई. पर हा काय लिहिलाय हो! मुद्देसूद! साहेबांनी दोनदा वाचला. म्हनले, जिल्ह्यात मुनशीजींच्या तोडीचं कुणीतरी निघालं."

मला बरं वाटलं; आणि तोडीचं म्हटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

"पर तुमी काळजी करू नका," हणमंतराव म्हणाले. "घरचं काम हाय. सकाळीच नोटीस काढून वहिनींच्या हातात दिली. उद्या जवाब घेतो, उद्याच निकाली काढतो."

मी मान वर केली. बाकावर, दाखल्याला आलेल्या दोन बापांच्या मागे, नंबर लावून, डोक्यावर पदर घेऊन कुसुम बसली होती.

तिनं आपला नंबर येऊ दिला. मग तिनं नोटीस टेबलावर ठेवली.

"मुनशीजी, ह्याचा जवाब लिहून पायजे."

"अगं, घरी लिहू की," मी कुजबुजलो.

"घरी तुमी माझे मालक. मला अर्जनवीस पायजे. तो हितं बसतोय म्हनून सांगितलं मला सगळ्यांनी."

बाकावरचे लोक पुढे सरकले. हणमंतराव चहा हातात घेऊन थांबले. आता मागे हटणं अशक्य होतं. मी कागद ओढला, 'विषय' लिहिला, आणि नोटिशीला जोडलेला तो डाव्या हातानं लिहिलेला अर्ज उघडला. खरं सांगतो, काही क्षण मी सगळी भीती विसरलो. एवढ्या ताकदीचा प्रतिपक्ष मला आयुष्यात मिळाला नव्हता!

"पहिला मुद्दा," मी म्हणालो. "पतीच्या गैरहजेरीत जनतेची गैरसोय. काय म्हणणं आहे अर्जदाराचं?"

"लिहा: दिवाळीत पंधरा दिस टेबल बंद असतंय. कुणाचं काय अडलं न्हाई."

मी लिहिलं: 'सदर पती दरवर्षी दिवाळीत टेबल बंद ठेवतात, त्यायोगे जनतेची कोणतीही गैरसोय झाल्याचे आजपावेतो निदर्शनास आलेले नाही.' काळजाला लागलं. पण वाक्य उतरलं होतं! बाकावरून "वा!" आली.

"दुसरा मुद्दा. पतीला भीतीने उचकी..." मी वाचता वाचता अडखळलो.

कुसुम टेबलावर वाकली. आवाज इतका खाली आणला की फक्त मला ऐकू यावा. "उचकीचं आन गुळाचं, हे दोघांनाच ठावं हाय. एक मी. मी तर लिहिलं न्हाई."

मला उचकी लागली.

तिनं शांतपणे पिशवीत हात घातला, पुडीतून गुळाचा खडा काढला आणि नोटिशीवर ठेवला. तो तिनं घरून आणला होता! मी तो तोंडात टाकला. हणमंतराव म्हणाले, "काय झालं मुनशीजी?" मी म्हणालो, "मुद्दा गोड आहे."

"तिसरा वाचा," कुसुम म्हणाली.

मी वाचला. म्हणजे वाचायला सुरुवात केली. 'भेट न होणे हेच अर्जदाराचे हिताचे' इथवर आलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"त्या पहाटे जमीन हलली," ती तशीच हळू बोलली, "तवा तुमी ही लिखापढीची पेटी काखेत मारून गल्लीत पळालाव. मी एका हातानं वैशूला उचललं, एका हातानं बालाजीला ओढलं, आन मागनं आले. मी कवा काढलं का ते?"

"नाही," मी म्हणालो. खरोखरच कधी काढलं नव्हतं. मी तर सगळीकडे असं सांगत आलो होतो की मी सरकारी कागद वाचवले.

"भ्या काय तुमालाच वाटतंय व्हय? माझं समदं माहेर दगडाखाली गेलं. डोंगराचं चित्र बगितलं तरी मी पान उलटते. पर त्या डोंगरात माझा एकच हाय, आन तो आता अजून वर चाललाय. परत दिसल का न्हाई, ते तुमी लिहून देताव का मला?"

असं काही लिहून देणारा अर्जनवीस अजून जन्माला आलेला नाही. मी गूळ गिळला आणि लिहू लागलो. तिनं काही सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. 'हरकतदार यांनी अर्जदाराच्या दुःखाची काळजी करण्याचे कारण नाही. ते दुःख सोसण्यास अर्जदार समर्थ असून यापूर्वी त्याहून मोठे सोसून बसलेल्या आहेत. अर्जदाराचे पती भित्रे आहेत, ही बाब अर्जदारास मान्य आहे. परंतु पतीची भीती हे बहिणीस भावापासून दूर ठेवण्याचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही. सबब हरकत फेटाळण्यात यावी, ही विनंती विशेष.'

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. काम होऊनही थांबलेल्या त्या दोन बापांपैकी एकानं डोळे पुसले. हणमंतरावांचा चहा गार झाला होता. कुसुमनं सही केली. शाईवर फुंकर घातली. आणि कागद स्वतः आत नेऊन दिला. हरकत अर्ध्या तासात फेटाळली गेली. माझ्या लेखणीपुढे माझीच लेखणी हरली.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

मैदानी भागातल्या प्रवासाबद्दल माझी काही तक्रार नाही. दिवसेंदिवस सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, मग गहू पेरायला नांगरलेली रानं. सगळं नजरेच्या पातळीवर. पण मनालीच्या पुढे पहिली खिंड सुरू झाली आणि मी एकदाच डावीकडे बघितलं. डावीकडे रस्ताच नव्हता! जिथं रस्ता संपत होता तिथून हवा सुरू होत होती, आणि फार खाली एक ट्रक काड्यापेटीसारखा उताणा पडला होता. मी डोळे मिटले. ते लेह येईपर्यंत, गाडी चालू असताना, मी उघडले नाहीत. त्यामुळे हिमालयाचं वर्णन मला आवाजावरून करावं लागेल. हिमालय म्हणजे बराच वेळ पहिल्या गिअरचा घरघराट, चाकाखाली खडी सरकल्याचा आवाज, आणि मधूनच कुठूनतरी वरून येणारी एखाद्या दगडाची टक टक टक.

सगळ्यात भीतिदायक आवाज मात्र शब्बीरचा होता, कारण तो येतच नव्हता. किल्लारी लाईनवर बारा माणसांशी एकाच वेळी बोलणारा शब्बीर!

"शब्बीर, बोल की काहीतरी!" मी डोळे मिटूनच ओरडलो.

"दुवा पढून राहिलो, मुनशीजी. मधी बोलू नका."

कुसुमनं माझा हात धरला होता. तिचा हात बर्फासारखा गार होता. पण तिचे डोळे उघडे होते. हे मला शब्बीरनं नंतर सांगितलं. वळण आलं की ती म्हणे, "आता डावीकडं कलंडा," "आता सरळ." अशा तऱ्हेनं आम्ही सगळ्या खिंडी ओलांडल्या. डोकं दुखलं, उलट्या झाल्या, आणि मी बरळलोसुद्धा. पण मी बरळतोय हे दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांना ते माझं नेहमीचं बोलणं वाटलं.

मग एका दुपारी इंजिन बंद झालं. बुटांचा आवाज धावत आला. कुसुमच्या बाजूचं दार उघडलं.

"अक्का."

वारा तेवढा वाजत होता. मग कुसुमचा आवाज आला, "वाळलास रे."

"हवाच तशी हाय, अक्का."

आणि तेवढ्यात कुणीतरी हुंदका दिला. मोठा, घशातून फुटलेला, लहान मुलासारखा. शब्बीर नव्हता. कुसुम नव्हती. बालाजीही नव्हता. मी डोळे उघडले तेव्हा तिघंही माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या मिशीवरून पाणी ओघळत होतं.

बालाजी धावत माझ्या बाजूला आला आणि माझे पाय धरले. "दाजी, रडू नका. मी मजेत हाय!"

कुसुमनं पदरानं माझं तोंड पुसलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "बग रे बालाजी," ती म्हणाली, "वरून लई कडक हाईत. आतून तुझ्यावर एवढा जीव."

अजूनही ती गल्लीतल्या बायकांना हे सांगते, आणि बायका माझ्याकडे आदरानं बघतात. यावर मी आजतागायत कोणताही खुलासा सादर केलेला नाही. वस्तुस्थिती एवढीच होती, की गाडी थांबली होती!